त्या हॉटेलच्या गादीत काय होतं

आमच्या सूनबाईची एक खोड मला मुळीच खपत नाही. ती भांडत नाही. सासूनं एक बोलावं, सुनेनं दोन बोलावीत, भांडी जरा जोरात आपटावीत, म्हणजे घरात माणसं राहतात असं वाटतं. ही काय करते, तर आपण तावातावानं बोलत असताना खाली मान घालून उशीचा अभ्रा उलटा करत बसते, "हो आई" म्हणते, आणि आठवड्याभरानं कळतं की तिला जे करायचं होतं ते करून ती कधीच मोकळी झालीय. आता तुम्हीच सांगा, जी बाई भांडतच नाही तिला हरवायचं कसं?

यंदाचंच घ्या. आमचा गाद्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पुढे दुकान, मागे कापूस पिंजायचं यंत्र, आणि वर आम्ही राहतो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून या दुकानाला सबंध दिवस कुलूप लागलेलं कुणी पाहिलेलं नाही, आणि ही गोष्ट मी चारचौघांत ताठ मानेनं सांगत आले. मुलगा सकाळी यंत्रावर बसतो तो दिवे लागल्यावर उठतो. त्याच्या मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. तिला शाळेत 'माझे बाबा' असं चित्र काढायला सांगितलं. तिनं बापाचे केस पांढरे रंगवले, भुवया पांढऱ्या, मिशाही पांढऱ्या. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "अगं, हे तर आजोबा झाले." तर ही म्हणते, "नाही, बाबाच आहेत. आजोबा काळे आहेत." आमचे हे केसांना कलप लावतात, ते तिनं बरोबर टिपलं. बाप मात्र तिनं कापसाशिवाय कधी पाहिलेलाच नाही.

सगळे हसलो. सूनबाईही हसली. मग तिनं ते चित्र यंत्राच्या वर भिंतीवर लावलं. 

आणि एका सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "आई, आपण सगळे थीम पार्कला जातोय. दोन रात्री. पार्काच्या आतल्याच हॉटेलात."

"कोण सगळे?"

"सगळे."

"आणि दुकान?"

"कुलूप."

माझ्या हातात कप होता म्हणून बरं. मी विचारलं, पैसे कुणाचे? तर तिनं फावल्या वेळात लहान मुलांच्या उशा शिवून विकल्या होत्या, त्याचे. भरूनही झाले होते, परत मिळणार नव्हते.

"पाळण्यात बसायचं तर सकाळी जावं, संध्याकाळी परत यावं," मी म्हटलं. "आणि राहायचाच शौक असेल तर फाटकाबाहेर लॉज आहेत की. बाहेर पाच जण झोपतील तेवढ्या पैशांत आत एक झोपतो म्हणे. आतली झोप काय सोन्याची असते?"

"ते तुम्हीच ठरवा," ती म्हणाली. "दोन रात्री राहा, सगळं उलटंपालटं करून बघा. परत आल्यावर सांगा, पैसे वाया गेले का. गेले म्हणालात तर मी जन्मात सुट्टीचं नाव काढणार नाही. नाही गेले म्हणालात तर दर वर्षी आठ दिवस दुकानाला कुलूप."

"आणि मी मुद्दामच गेले म्हटलं तर?"

"तुम्ही मालाबद्दल खोटं बोलत नाही, आई."

इथं तिनं मला बरोबर पकडलं. गिऱ्हाईक दारात उभं असताना मी सांगते, बाई, हा कापूस जुना आहे, पुन्हा पिंजलेला आहे, नवा हवा असेल तर जास्त पडतील. नात्यातल्यांनाही तेच सांगते, म्हणून नातेवाईक जरा कमीच येतात. समोर आमचे हे पेपर वाचत बसले होते. तोंड पेपरामागे होतं, पण पेपर हलत होता.

*

हॉटेल जंगलासारखं केलं होतं. आत शिरल्याबरोबर एक भलंमोठं झाड, फांद्या पार वरच्या मजल्यापर्यंत, पानांत पाखरं किलबिलत होती. मी जवळ जाऊन खोडावर टकटक केलं. पोकळ. पाखरांचा आवाज एका डबीतून येत होता. खोटेपणा नंबर एक, मनात म्हटलं.

टेबलामागच्या मुलीनं आमच्या सगळ्यांच्या मनगटांवर रबरी पट्टे बांधले. दार त्यानंच उघडायचं, किल्ली नाहीच. "आजी, या पट्ट्यावर तुम्हाला उद्या सगळ्यांच्या आधी पार्कात सोडतील," ती म्हणाली.

"का? आम्ही कोण लागून गेलो?"

"तुम्ही इथं राहता ना."

"आणि जे लॉजवर राहतात ते?"

"ते फाटक उघडल्यावर येतात, आजी."

म्हणजे दुसऱ्याला ताटकळत ठेवायचे पैसे घेतात. हे मला मोठं मजेशीर वाटलं. आणि एकदा उत्सुकता चाळवली की मी गप्प बसत नाही. लिफ्टमध्ये एक गृहस्थ भेटले, दोन्ही खांद्यांवर पिशव्या, पायाशी दोन मुलं. मी सरळ विचारलं, "काय हो, परवडतं का हे?"

"काकू, सुट्टीत विचारू नका," ते म्हणाले. "घरी गेल्यावर बायको विचारणारच आहे."

"बायको आली नाही?"

"ती मागच्या लिफ्टनं येतेय. अजून सामान आहे."

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि सिंहानं डरकाळी फोडली. तीही डबीतलीच. आमचे हे दचकून माझ्या दंडाला धरून उभे राहिले. नंतर कळलं की ते उगाचच वर-खाली करून डरकाळी ऐकून येत होते. विचारलं तर म्हणाले, पाय मोकळे करतो.

खोली मोठी होती. खिडकीशी आमचा पलंग, पलीकडे मुलाचा नि सुनेचा, आणि कोपऱ्यात भिंगरीसाठी गुहा केलेली, आत छोटी गादी. पण भिंगरीला गुहेत चैन पडेना, कारण आमच्या पलंगावरून पार्कातलं मोठं चक्र दिसत होतं. खिडकीतून आणखीही एक दिसत होतं. भिंतीपलीकडे एका लॉजची गच्ची, तिच्यावर दोऱ्या, दोऱ्यांवर टॉवेल. मी सूनबाईला ती गच्ची दाखवली. "ती माणसंसुद्धा रात्री डोळे मिटूनच झोपतात," म्हटलं.

"हो आई," ती म्हणाली, आणि भिंगरीला घेऊन पोहायला गेली. मुलगाही गेला.

राहिलो आम्ही दोघं. हे पायमोजेही न काढता पलंगावर आडवे झाले. "छान आहे गं," म्हणाले. ह्यांना सगळंच छान असतं. आमच्या लग्नातला पाऊससुद्धा त्यांना छानच वाटला होता, मांडव पडला तरी.

"उठा," मी म्हटलं.

"आत्ताच तर टेकलोय."

"उठा, गादी उसवायचीय."

हे उठून खुर्चीत बसले आणि दाराकडे बघत राहिले, चोराचा जोडीदार बघतो तसे.

आता यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. हलवाई दुसऱ्याच्या दुकानात गेला तर चव बघतोच ना? मी पाहुण्यांकडे गेले तरी आधी गादीचा कोपरा दाबून बघते, मगच पाठ टेकते. आत काय आहे ते कळल्याशिवाय मला झोप लागत नाही. आणि इथं तर माझ्यावर निवाड्याची जबाबदारी टाकलेली. हॉटेल म्हणजे शेवटी काय, झोपायची जागा. मग पैसे कशाचे ते गादीतच कळणार.

माझ्या पर्समध्ये सुयांची नळी असते. पितळेची आहे, सासूबाईंनी दिलेली. आत गादीची मोठी सुई, दोन लहान, आणि लाल दोऱ्याची गुंडाळी. दोरा लालच असतो आमचा. कारण एकच, सुई कापसात हरवली तर पांढऱ्यात लाल शेपूट दिसावं. आमच्याकडे दुकान बंद करताना सुया मोजतात. एक कमी भरली तर कुणी जेवायला वर जात नाही. त्या दिवशी शिवलेल्या सगळ्या गाद्या उसवायच्या, सुई सापडली की पुन्हा शिवायच्या. कुणाच्या तरी अंगाखाली जाणार असते ती. सूनबाई नवी होती तेव्हा एकदा पहाटेपर्यंत सगळ्यांना बसवून ठेवलं होतं मी. सुई माझ्याच पदराला अडकलेली निघाली, ते सोडा.

चादर काढली. खाली एक जाडसर मऊ आवरण. तेही गुंडाळलं. मग खरी गादी. पायथ्याच्या अंगाला काठाची शिवण चार बोटं उसवली आणि आत हात घातला. वर बोटभर फोम, त्याखाली नमद्यासारखं दाबलेल्या लोकरीचं काहीतरी, आणि मग लोखंडाच्या स्प्रिंगा. कापसाचा एक तंतू नाही.

"काय आहे?" ह्यांनी कुजबुजून विचारलं.

"काही नाही. वरचं पांघरूण मऊ, आत सगळं लोखंड."

"पण मला मऊ लागली."

"तुम्हाला बाकसुद्धा मऊ लागतो."

खरं सांगते, मला आनंद झाला. आमच्या दुकानातली मधल्या किमतीची गादी याच्या तोंडात मारेल. चला, निवाडा झाला, असं म्हणत मी लाल दोरा ओवला आणि शिवायला घेतलं. काठाची शिवण त्यांची बरी होती, ते मान्य करते. निम्मे टाके झाले असतील, तोच दारावर थाप पडली.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. सवयीनं सुई गादीच्या काठात खोचली, चादर ओढली, आणि दार उघडलं. दारात अस्वल उभं. माणसाएवढं, तपकिरी, गळ्यात हिरवा रुमाल. खोलीतल्या मुलांना भेटायला येतं म्हणे संध्याकाळचं.

"मुलगी पोहायला गेलीय," मी सांगितलं.

अस्वलानं मान हलवली आणि हात पुढे केला. हे धावत येऊन हात मिळवून गेले.

मला राहवेना. "बाळा, आत उकडत नाही का रे?"

अस्वल जरा थांबलं. बोलायची परवानगी नसावी. मग त्यानं इकडेतिकडे बघून जोरजोरात मान डोलावली, खूप उकडतं अशी. मी त्याला पंख्याखाली उभं केलं, हाताशी आलेल्या एका पुठ्ठ्यानं मानेशी वारा घातला. बिचारं हलेना. तेवढ्यात भिंगरी ओल्या केसांनी धावत आली, अस्वलाला बघून किंचाळली, मागून मुलगा नि सून, मग फोटो, मग जेवायला चला, आणि त्या गडबडीत गादी माझ्या डोक्यातून पार गेली.

रात्री झोप छान लागली. ते मी कुणाला सांगितलं नाही.

*

सकाळी पट्टे दाखवून आम्ही सगळ्यांच्या आधी आत गेलो. फाटकाच्या जाळीपलीकडे गर्दी उभी होती, मुलं जाळीला नाकं लावून आमच्याकडे बघत होती. मला एकीकडे लाज वाटली, दुसरीकडे वाटलीही नाही. मोठं चक्र आमच्यासाठीच फिरत होतं म्हणा ना. भिंगरीनं बापाला तीन-तीनदा वर नेलं. उतरल्यावर प्रत्येक वेळी त्याचे केस वाऱ्यानं उभे राहायचे आणि ती ते हातानं बसवायची. "बाबा, तुमचे केस काळे आहेत!" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. रांगेतला एक माणूस हसला. मुलगाही हसला.

फाटक उघडलं आणि लोंढा आला. होडीच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई होती, तीन मुलं, हातात डब्याची पिशवी. ती त्या गच्चीवाल्या लॉजवर उतरली होती. मला अगदी माझंच माणूस भेटल्यासारखं वाटलं.

"शहाणी आहेस," मी तिला म्हटलं. "आमच्या सुनेनं बघ, आत हॉटेल घेतलंय. गादीत नुसतं लोखंड."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं मला."

"आम्ही फक्त रात्री पडायला जातो हो," ती म्हणाली. "सकाळी बस सोडते, संध्याकाळी नेते. मधे खोलीचं काय काम?"

"तेच तर!" मी म्हटलं.

दुपार चढली तशी पार्काचं रूपच बदललं. फरशी तापली, रांगा लांबल्या, मुलं रडायला लागली. सूनबाई म्हणाली, "आई, खोलीत चला. थोडं पडू, उन्हं उतरली की परत येऊ."

"पार्काचे पैसे भरले ते झोपायला का? तुम्ही जा. मी बसते."

ती "बरं" म्हणाली. म्हटलं ना, भांडत नाही. मुलगा, सून नि भिंगरी गेली. हेही गेले, लिफ्ट होती ना.

मी एका कठड्यावर सावलीचा तुकडा शोधून बसले. थोड्या वेळानं लॉजवाली बाई मुलांना घेऊन तिथंच आली. मोठी पोर रुसलेली, मधल्याला ऊन लागून डोकं दुखत होतं, धाकटी तिच्या मांडीवर मरगळून पडलेली. डोक्यावर ओढणी धरून ती बसली होती. नवरा पाणी आणायला गेला होता तो रांगेतच अडकला होता.

"बसला अजून वेळ असेल," मी म्हटलं.

"संध्याकाळशिवाय नाही." मग ती माझ्याकडे वळली. "तुम्हाला जाता येतं ना खोलीत आत्ता? मग तुम्ही का बसलात इथं?"

मी पदरानं कपाळ पुसलं. 

विषय बदलायला मी बघितलं, तर मधल्या मुलाच्या पिशवीचा पट्टा तुटलेला, त्यानं गाठ मारून गळ्यात अडकवलेला. "आण इकडे, शिवून देते," म्हणत मी पर्समधून नळी काढली, टोपण उघडलं, तळहातावर उपडी केली.

दोन लहान सुया पडल्या. मोठी नाही.

नळी पुन्हा झटकून पाहिली. अस्वल आठवलं, चादर आठवली. आणि मग आठवलं, भिंगरीला आमचाच पलंग हवा असतो, चक्र दिसतं म्हणून. ती आत्ता तिथंच लोळत असणार. गुडघ्यांवर उड्या मारत असणार, तिला तर सवयच आहे.

"येते मी," एवढंच म्हणाले आणि निघाले. माझ्या गुडघ्यांना विचाराल तर ते सांगतील मी कशी चालले. चालले कसली, पळाले. गर्दीतून लोकांना कोपरानं बाजूला करत, त्या पोकळ झाडाखालून. झाडाखाली हे खुर्चीत घोरत होते, त्यांना उठवायलाही थांबले नाही. लिफ्टमधल्या सिंहाला म्हटलं, गप रे. वाटेत एकच विचार, देवा, फक्त पायथ्याला असू दे, फक्त पोरीच्या अंगाखाली नको.

दाराला पट्टा लावला. आत अंधार. पडदे ओढलेले, पंखा चाललेला. डोळे सरावायला जरा वेळ लागला.

आमच्या पलंगावर मुलगा झोपला होता. उताणा, तोंड उघडं, एक पाय पलंगाबाहेर. भिंगरी त्याच्या खांद्याला चिकटून, तिची बोटं त्याच्या केसांत. मी पुढे झाले, उठवायलाच झाले, तोच सूनबाईनं ओठांवर बोट ठेवलं. ती गुहेच्या काठावर बसली होती.

"सुई," मी म्हटलं. 

तिनं मूठ उघडली. सुई होती, लाल दोरा नीट गुंडाळलेला.

मी तिथंच गुहेत तिच्याशेजारी बसले. डोकं वर आपटलं ते कळलंही नाही. दम खाऊन मग कुजबुजत विचारलं, "कधी?"

"सकाळी. तुम्ही दात घासत होतात, मी चादर सारखी करत होते. लाल दोरा दिसला."

"सकाळीच? आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. मग तुम्हाला आठवतच नाहीये असं दिसलं. मग म्हटलं, सुट्टी आहे, कशाला."

"पण तो माझाच टाका कशावरून? दुसऱ्या कुणाचा असता तर?"

"आई," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिच्या आवाजाला जरा धार आली, "त्याच टाक्यासाठी तुम्ही माझ्याकडून किती गाद्या उसवून घेतल्यात. अंधारात हात लावला तरी ओळखेन मी."

मी वाकून चादरीची कडा उचलली, शिवण चाचपून पाहिली. शिवण पूर्ण होती. राहिलेले टाके तिनंच घातले होते. माझे कुठं संपले आणि तिचे कुठं सुरू झाले ते बोटांना कळेना. बरीच चाचपली मी. नाही कळलं.

उठता उठता मुलाच्या चेहऱ्याशी आले. दिवसाउजेडी झोपलेला हा पोरगा मी कधी पाहिला होता? चड्डीत होता तेव्हा असेल. केस खरंच काळे होते, भिंगरी म्हणाली तसे. पण कानामागे आणि कपाळाशी थोडे पांढरे होते. मला वाटलं कापूसच राहिला असेल कालचा. सवयीनं चिमटीत धरून काढायला गेले. निघेना. केस होता तो.

कापसाखाली कधी पांढरे झाले, मला कळलंच नव्हतं.

"किती वेळ झोपलेत?" मी विचारलं.

"आलो तेव्हापासून."

"झोपू दे," मी म्हटलं.

दोघी तशाच त्या गुहेत बसून राहिलो. खिडकीबाहेर चक्र फिरत असणार, पडद्यामुळे दिसत नव्हतं. गादीत लोखंड होतं आणि ती दोघं त्यावर कापसासारखी पडली होती. मला ते कोडं काही सुटेना. मग कठड्यावरची ती बाई आठवली, तिच्या मांडीवरचं मरगळलेलं पोर आठवलं, आणि जरा जरा सुटायला लागलं.

*

उन्हं उतरल्यावर मी सूनबाईला घेऊन त्या कठड्यापाशी गेले. लॉजवाली बाई अजून तिथंच होती. पिशवीचा पट्टा शिवून दिला, लाल दोऱ्यानं, हत्ती टांगला तरी तुटणार नाही असा. मग तिला नि मुलांना आमच्या हॉटेलच्या झाडाखाली नेऊन बसवलं. दारावरच्या माणसानं पट्टे विचारले, तर म्हटलं, माझी भाची आहे. झाड पोकळ होतं, पण गारवा खरा होता. भिंगरीनं तिन्ही मुलांना सिंहाच्या लिफ्टमधून फिरवून आणलं, बरोबर आमचे हे. त्यांना तर निमित्तच हवं होतं.

निघायच्या दिवशी मी टेबलामागच्या मुलीला सांगितलं, "आमच्या खिडकीकडच्या पलंगाची गादी मी पायथ्याला उसवली होती. परत शिवलीय. आता बाकीची शिवण जाईल, तेवढी जाणार नाही."

ती कागदात बघत होती. "आजी, राहणं आवडलं ना?"

"ते मी माझ्या सुनेला सांगणार आहे," मी म्हटलं.

पण सून विचारेल तर ना! परतीच्या गाडीत मी वाट बघत होते. भिंगरी झोपली, मुलगा खिडकीबाहेर बघत शीळ घालत होता. आता विचारेल, मग विचारेल. हिनं मला मोसंबी सोलून दिली, खाली पडलेल्या साली उचलल्या, पिशवीची चेन लावली. विचारलं नाही. दुकानापाशी उतरलो, हे कुलूप उघडायला लागले, तरी नाही. आत गेलो. दोन दिवस बंद राहिलेल्या दुकानाचा एक वेगळाच वास येतो, तो मला पहिल्यांदा कळला. यंत्राच्या वर ते चित्र होतं, पांढऱ्या केसांचा बाप. ती सरळ गाठोडी मोजायला लागली. जशी पैज लागलीच नव्हती.

मी ह्यांच्या हातातून कुलूप आणि किल्ली घेतली.

"अगं ए," मी म्हटलं. "इकडे बघ माझ्याकडे. विचारणार नाहीस, माहीत आहे. मीच सांगते, ऐक. गादी आपल्या पायाशी ठेवायच्या लायकीची नाही. झाड पोकळ, पाखरं डबीतली, सिंह डबीतला. रात्रीचे पैसे घेतात ते वाट्टेल तेवढे घेतात, आणि हे मी मरेपर्यंत सगळ्यांना सांगणार. पण तू मला विचारलं होतंस, वाया गेले का. नाही गेले. रात्रीसाठी नाही, त्या एका दुपारसाठी. दर वर्षी आठ दिवस कुलूप, ठरलं. आणि ही किल्ली तू ठेव. माझ्याकडे राहिली तर तिसऱ्या दिवशी मी उघडून बसेन. आणि त्या वेळी तरी, माझे आई, माझ्याशी भांड."